सुखीमायची काळी छत्री

आमच्या गावात सुखीमायबद्दल असं बोललं जायचं, की तिला मासे गायब करता येतात.

हे बोलणं चालायचं फाट्यावर, नेरच्या एसटीची वाट पाहताना. सांगणारी आधी आवाज खाली आणायची, आणि कोणी आवाज खाली आणला की माझे कान आपोआप वर होतात. "थे तांड्याच्या अंगाचं तळं हाये ना व, बादलच्या वावरातलं? थे बुढी तठी काळी छत्री घेऊन जाते. वाटीत कायतरी कुटते. तोंडातल्या तोंडात मंतर म्हनते. वाटी पान्यात उपडी केली का मासोळी गायब! माह्या जावेनं सोताच्या डोयानं पाह्यलं."

असल्या गोष्टी पाहणारी नेहमी कोणाची तरी जाऊच असते. मी ही गोष्ट घरी, कॉलेजात, बसमध्ये कितीतरी वेळा करून दाखवली. दबका आवाज, मोठे डोळे, सगळं. लोक हसायचे. पण ज्या बाईची मी गोष्ट करते तिचा आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता, आणि हे मला टोचायला लागलं. म्हणून भादव्यातल्या एका रविवारी मी तळ्यावर गेले आणि बांधावरच्या तरोट्याच्या झुडपांआड दडून बसले.

छत्री खरी निघाली. वाटी खरी निघाली. मासे गायब होतात हेही खरं, ते पुढे सांगते. खोटा निघाला तो मंत्र.

सुखीमाय बांधावर उभी राहून बोलत होती, आणि ती भांडत होती. पोराशी. पोरगा तिथे नव्हता. "मशीन आनीन म्हनतो. आन. आन ना! पयले मले बुजव त्याच्यात, मंग तळं बुजव." मग थोडं थांबून पोराची उत्तरंही तीच द्यायची, जाड आवाज काढून. आता बादलदादा राठोड म्हणजे माझी हातखंडा नक्कल. प्रत्येक वाक्याच्या आधी 'हे पाय', म्हणजे 'हे पाहा', शेवटी 'समजलं का', आणि मध्ये सगळं नाकातून. सुखीमाय त्याची आई असून तिची नक्कल इतकी वाईट होती, की माझ्याच्यानं ऐकवेना.

"हे पाय याडी," मी तरोट्यामागून म्हणाले, "चांगली काळी जमीन खाल्ली ह्या तळ्यानं, समजलं का?"

सुखीमाय छत्रीसकट तळ्यात जाता जाता वाचली. मागे वळून पाहते तर पोरगा नाही, ड्रेस घातलेली एक पोट्टी.

"कोनाची व तू?"

"नागोरावची. जया. गावातल्या विहाराजवळ घर आहे आमचं."

"मंग माह्या बादलचा आवाज तुह्या गळ्यात काहून हाये?"

मी सांगितलं, की सगळ्यांचेच आहेत. मग तिनं मला खालून वर पाहिलं, दातातून श्वास आत ओढला, तिची ती सवयच आहे, आणि म्हणाली, "मैना हायेस तू." तेव्हापासून मी तिच्यासाठी मैना. तांड्यात तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. आमच्या गावात ती सुखीमाय.

तिचं माहेर उमरखेडकडे, पैनगंगेच्या काठचा तांडा. लग्न होऊन इकडे नेरच्या बाजूला आली. इथे विहीर होती, हापशी होती, पुढे नळही आला. पण उभं राहून पाहावं असं पाणी नव्हतं. "पानी पेवाले भेटे व, पाह्याले नाही भेटे," असं ती सांगते. त्यात तक्रार नसते. दुसरी एखादी बाई माहेरच्या आंब्याबद्दल सांगेल तसं ती पाण्याबद्दल सांगते. म्हातारपणी, नवरा अमरसिंग असताना, वावराच्या कोपऱ्यात शेततळं खोदलं गेलं आणि सुखीमायला पाहायला पाणी मिळालं. घरची कामं उरकली की ती बांधावर.

नवरा गेला. वावर बादलदादाच्या हाती आलं. आणि बादलदादाचं म्हणणंही काही वेडं नाही, ते मी त्याच्याच आवाजात शंभरदा करून दाखवलं आहे. "हे पाय, होळीलोग तळं आटते. तुरीले त्याचा उपेग नाही, हरभऱ्याले पुरत नाही. चांगला कोपरा गेला. डास भेटले अन् बेंडकं भेटले, समजलं का?"

सुखीमायनं त्यावर तोड काढली होती. तळ्यात मासे पाळू. पहिल्या वर्षी रोहूची बोटाएवढी पिल्लं आणून सोडली. दिवाळीनंतर पाणकावळे आले आणि संक्रांतीपर्यंत तळं साफ. तेव्हा बादलदादानं शब्द टाकला, आणि सुखीमायनं तो उचलला. पुन्हा एक वर्ष मासे सोडायचे. संक्रांतीच्या आधी तो जाळं टाकणार. जाळ्यात मासोळी आली तर तळं राहील. नाही आली, तर जेसीबीवाला इंद्रजीत येऊन कोपरा सपाट करेल.

मी तरोट्याआडून बाहेर आले तेव्हा त्या दुसऱ्या वर्षाची पिल्लं पाण्यात होती, आणि सुखीमाय त्यांची शाळा घेत होती.

"पयल्या सालचे पोट्टे आंधळे नोयते," ती मला म्हणाली. "अडानी होते. हौदात वाढेल. हौदात दाना वरून ये. वरून सावली पडली का थे समजत, जेवन आलं. पानकावळा उतरला का हे बेटे पाहुना आल्यावानी सामोरे जात. आपल्या पायानं त्याच्या चोचीत!"

ती हसत सांगत होती, पण छत्रीची मूठ तिनं घट्ट धरली होती.

"आव, छोरी," ती म्हणाली. "पालथी पड. पाय."

मी बांधावर पोटावर पडले, नाक पाण्याच्या वर टेकवून. तिनं कोंड्याची चिमूट टाकली. पिल्लं आली. तपकिरी पाठी, लालसर पर, एकमेकांना ढुशा देत. सुखीमायनं ओल्या फडक्यातून त्यांच्यातलंच एक पिल्लू काढलं, नुकतंच मारलेलं, आणि वाटीतल्या पाण्यात चमच्याच्या पाठीनं ठेचलं. तोंड फिरवलं नाही, पण ओठ आत घेतले. मग छत्री उघडली. छत्रीची काळी सावली पाण्यावर सरकली, आणि त्याच वेळी तिनं वाटी कलती केली.

मी एक श्वास आत घेतला असेल. पिल्लं जागच्या जागी थबकली. मग पिशवीची नाडी ओढावी तशी सगळी एकत्र आवळली गेली. मग एक हिसका. मग काहीच नाही. जिथे पिल्लं होती तिथे गाळाचा धूर, आणि तो हळूहळू खाली बसत होता.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो मासे गेले म्हणून नव्हता. ते गेले तेव्हा आवाज झाला नाही म्हणून होता. शाळा सुटते तेव्हा आवाज होतो. गाय बिथरली तर आवाज होतो. साप दिसला की साळुंक्या अख्खं शिवार डोक्यावर घेतात. जगात कोणी घाबरलं आणि मला ऐकू आलं नाही, असं त्या दिवसापर्यंत झालं नव्हतं. इथे एवढा मोठा जमाव जिवाच्या भीतीनं पळाला, आणि पाण्याचा थेंबसुद्धा बोलला नाही.

"कोण ओरडलं?" मी विचारलं. दुसरा प्रश्न सुचलाच नाही.

सुखीमायनं वाटी दाखवली. "हा."

मग तिनं माहेरची गोष्ट सांगितली. पैनगंगेवर त्यांच्याकडे एक रीत होती. मासोळी साफ करायची ती जाळ्याच्या खालच्या अंगाला, धार जिकडे जाते तिकडे. वरच्या अंगाला कधीच नाही. का, ते कोणी सांगायचं नाही. लहानपणी सुखी एकदा सावली पाहून वरच्या दगडावर बसली आणि तिथेच मासोळी खरडली. खाली तिचा मामा जाळं टाकत होता. "मामानं दिवसभर जाळं टाकलं अन् दिवसभर पानी उपसलं. संध्याकाळी मले असा शोधत आला!" मामाचा तो चेहरा तिला अजून करता येतो, आणि तो मात्र बरा करते. "तवा मले वाटलं, नदीले वास आवडत नसीन. मंग मोठी झाल्यावर समजलं. नदीले नाही व. मासोळीले. कातडी फाटली का बातमी सुटते. ज्याची फाटली त्याले आता त्याचा काय उपेग? सोबत्याइले हाये."

सोबत्यांसाठी. मी ते बराच वेळ मनात धरून बसले. स्वतः संपल्यावर जी सुटते आणि दुसऱ्याला वाचवते, अशी हाक. आणि तिला आवाज नाही.

कॉलेजात जीवशास्त्राच्या सरांना विचारलं तर ते खूशच झाले. म्हणाले, रोहू, कटला, मृगळ यांच्या कातडीत असं द्रव्य असतंच, आणि कातडी फाटल्याशिवाय ते बाहेर पडत नाही. त्या वासासोबत जे दिसतं ते मासे शत्रू म्हणून लक्षात ठेवतात. म्हणजे छत्री! छत्रीची सावली आणि ती बातमी चार-पाच वेळा जोडीनं आली, आणि पुढे नुसती छत्री पुरायला लागली. सुखीमाय बांधावरून छत्री उघडायची, आणि मासे पाणकावळ्याचा धडा गिरवायचे. एकही पाणकावळा न पाहता.

पळून जायचं कुठे, याचीही तिनं सोय केली होती. मागच्या साली बांधावर लावलेल्या, फवारा न मारलेल्या तुरीच्या तुराट्यांचे भारे बांधून तिनं तळ्यात बुडवले होते, दगड बांधून. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, मात्र नाही. "पऱ्हाटीवर किती फवारा मारते पाह्यतं ना? त्यात लेकरं ठेवीन का मी?"

मग मी दर रविवारी जायला लागले. ज्या तळ्याला मी जन्मभर नुसतं तळं समजत होते, ते भरवस्तीचं गाव निघालं, आणि प्रत्येक घराची जीव वाचवायची तऱ्हा वेगळी. खेकड्यानं एक गोगलगाय फोडली, तर बाकीच्या गोगलगाई तुराटीवरून वर चढल्या, पाण्याच्या बाहेर, आणि उन्हात गप्प चिकटून बसल्या. गोगलगाईच्या मानानं ती धावपळच होती. काळ्या बेडूकपिल्लांचा एक घोळका भर उजेडात, उघड्या पाण्यात बिनधास्त फिरायचा. एका रोहूनं त्यातलं एक तोंडात घेतलं आणि असं थुंकलं, की मी ते थुंकणं घरी जाऊन आरशात केलं. ते पिल्लू जसं होतं तसं पोहत घोळक्यात परत गेलं. त्याची चवच वाईट, एवढंच त्याचं हत्यार.

आणि शिंगटी. बोटभर मासा, मिशा असलेला. एका बगळ्यानं तो उचलला आणि फसला. शिंगटीनं दोन्ही बाजूंचे काटे ताठ केले होते, कुलूप लावल्यासारखे. बगळ्याला तो गिळता येईना, टाकता येईना. चोच वासून तो चिखलात इकडून तिकडे फिरत राहिला. एखाद्या लग्नात गरम भजं तोंडात टाकून बसलेला पाहुणा असतो ना, अगदी तसा. शेवटी मान झटकून झटकून त्यानं तो मासा पाडला एकदाचा. मी उचलायला गेले तर सुखीमाय ओरडली, "काटा लागीन!" आणि त्या माशानं आवाज केला. कर्र, कर्र. काटा घासून. सगळ्या तळ्यात आवाज असलेला हा एकच मासा मला भेटला. तो आवाज मी तिथल्या तिथे शिकले. सुखीमाय पोट धरून हसली. "आता मासोळी बी नाही सुटली तुह्यातून!"

त्या दिवशी मी खंड्याचा आवाजही काढून पाहिला, तो किलकिलाट, हुबेहूब. बाभळीवरचा खरा खंड्या मान वाकडी करून पाहायला लागला. पाण्यातले मासे जागचे हलले नाहीत. सुखीमाय म्हणाली, "थे आवाजाले नाही भेत. आवाज करून कोन खाते त्याइले?"

दिवाळी झाली. पाणकावळे आले. तळ्याच्या मध्ये रोवलेल्या खांबावर एक येऊन बसला, पंख पसरून, वाळत घातलेल्या कोटासारखा. सुखीमायनं माझा हात धरला. पाणकावळा बुडाला. वर आला. चोच रिकामी. पुन्हा बुडाला. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदा वर येऊन त्यानं आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच त्याचं ताट ओढून घेतलंय. मग उडून गेला. सुखीमायनं हात सोडला आणि छत्रीची दांडी पदरानं पुसली.

पण नंतर रोज कोणी ना कोणी यायचंच. पाणकावळे, बगळे, खंड्या. थंडी वाढली तसे मासे मला दिसेनासे झाले. कोंडा टाकला तरी कोणी वर येईना. आधी संध्याकाळी तळ्यातून 'टुप' असा आवाज यायचा, मासा तोंडानं पाणी फोडतो तो. तोही थांबला. मी बांधावर कान देऊन बसायचे. काही नाही. सगळं शिवार बोलायचं आणि तळं गप्प.

जाळं टाकायच्या आदल्या दिवशी मी तिला सांगून टाकलं. "माय, वाईट वाटून घेऊ नको. मासे उरले नाहीत. माझे कान सांगतात."

सुखीमाय तुराट्या तोडून चुलीसाठी मोळी बांधत होती. हात थांबला नाही. "हायेत."

"नाहीत."

"लाव पैज."

"लावली. मी जिंकले तर?"

"तू जिंकली त तळंच नाही राह्यलं. मंग छत्री कायले ठेवू? घेऊन जाय." मोळीची गाठ तिनं ओढली. "अन् मी जिंकली त बादलची नक्कल बंद. जन्मभर."

"माय! तीच तर माझी सगळ्यात भारी..."

"माहा पोरगा हाये तो," ती म्हणाली. "लोकं हासते."

तिचा आवाज पहिल्यांदाच असा पडला होता. मी हात पुढे केला. पैज लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बादलदादा नेरहून कोणाचं तरी फेकजाळं घेऊन आला. इंद्रजीत शेजारच्या वावरात नाल्याचं काम करत होता, तो जेसीबी घेऊन बांधाजवळच येऊन थांबला, इंजिन घरघरत. मी त्या घरघरीचीही नक्कल करते, पण त्या दिवशी मी कानांवर हात ठेवले.

"हे पाय याडी," बादलदादा म्हणाला, "मी काही दुस्मन नाही तुहा. मासोळी आली त आली. समजलं का?"

जाळं चांगलं फेकता येतं त्याला. कमरेतून वळला, आणि जाळं हवेत गोल उघडून पाण्यावर पडलं. ओढलं. तुराटीचा तुकडा, शेवाळ, आणि एक शिंगटी, काटे ताठ करून जाळ्यात अडकलेली. कर्र, कर्र. कोणी हसलं नाही. त्यानं बाजू बदलली. पुन्हा फेकलं. पाणी. तिसऱ्या कोपऱ्यातून फेकलं. पाणी. त्यालाही आनंद झालेला दिसत नव्हता. जाळं पिळताना तो आईकडे पाहत नव्हता.

मी पैज जिंकले होते, आणि मला रडू येत होतं.

"झालं याडी," तो म्हणाला. 'समजलं का' म्हणालाच नाही.

सुखीमाय उठली. "बादल, तू जाळं कुठी फेकलं? छत्री फेकली तू."

त्याला कळलं नाही. मला कळलं, आणि डोक्याच्या केसांपर्यंत शहारा गेला. गोल. वरून येणारी. सावली आधी, जाळं नंतर. भादव्यापासून तिनं मासोळीला जे शिकवलं होतं, नेमकं तेच तो तीन वेळा करून बसला होता.

"तुही बारी झाली," ती म्हणाली. "आता माही. थे मशीन बंद कर रे पोट्ट्या. आन् सगळे त्या अंगानं बसा. सावली पान्यावर नोको."

इंद्रजीतनं बादलदादाकडे पाहिलं. बादलदादानं मान हलवली. इंजिन बंद झालं, आणि शिवार एकदम मोठं झालं. आम्ही ऊन समोर घेऊन बसलो, सावल्या पाठीमागे. सुखीमायनं घमेल्यात कोंडा आणि भिजवलेली सरकीची ढेप घेतली, घमेल्याला दोरी बांधली, आणि ते पाण्यात कडेला हळूच सोडलं, पाळण्यात लेकरू ठेवावं तसं. मग दोरीचं टोक हातात धरून बसली.

कोणी बोलायचं नव्हतं. माझ्यासारखीला हे काय असतं ते मलाच ठाऊक. इंद्रजीतनं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली, पन्नी वाजली. सुखीमायनं नुसतं पाहिलं. पुडी परत खिशात गेली. ऊन समोरच्या पळसापर्यंत उतरलं. बादलदादाचा पाय आखडला असावा, पण तो हलला नाही. मला वाटतं, त्यालाही आता मासे असावेत असंच वाटत होतं.

मग घमेल्याच्या कडेशी एक तोंड आलं. नुसतं तोंड. आलं आणि गेलं. पुन्हा आलं, या वेळी डोळ्यासकट. थांबलं. तुराट्यांच्या काळोखातून आणखी एक सुटलं, मग त्याच्यामागे दोन. आणि मग तळ्याचा तळच वर यायला लागला. मी गाळ समजत होते त्या पाठी होत्या. वीत वीत लांब. एकावर एक, एकाशेजारी एक, सगळ्या तोंडं आमच्याकडे करून, परांच्या लाल कडा हलवत. घमेल्यापाशी बारीक चपचप सुरू झाली. उन्हात पाठी तांब्याच्या भांड्यासारख्या चमकायच्या आणि विझायच्या. सगळा हिवाळा ते इथेच होते. माझ्या नाकाखाली. इतक्या चोचींखाली. एक शब्द न बोलता.

बादलदादानं आवाज काढला. तो शब्द नव्हता. आणि नकळत तो उभा राहिला.

त्याची सावली लांब होऊन पाठीमागेच पडली, पण त्याचं उभं राहणंच पुरलं. नाडी ओढली गेली. गाळाचा धूर. घमेलं पाण्यात एकटंच डुलत राहिलं आणि तळं पुन्हा रिकामं, असं रिकामं की मघाचं खरं होतं की नाही असं वाटावं.

"याडी," तो म्हणाला. मग, "हे कुठी होते?"

"घरी," सुखीमाय म्हणाली.

तो पाण्याकडे पाहत राहिला. मग मागे न वळता म्हणाला, "इंद्रजीत, जाय तू. कोपरा राहू दे." आणि पुन्हा खाली बसला, आईशेजारी, ऊन समोर घेऊन, ते परत कधी येतात ते पाहायला.

सुखीमायनं दोरी त्याच्या हातात दिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि दातातून श्वास आत ओढला.

"मैना," ती म्हणाली, "याद हाये ना?"

याद आहे. लिहायला बंदी नाही, एवढं मी तिच्याकडून नंतर कबूल करून घेतलं. म्हणून इथे बादलदादा बोलला तसा लिहिलाय. पण आवाजात नाही. आणि मासे वर आले तेव्हा त्यानं जो आवाज काढला, तो मी आजवर ऐकलेल्या माणसांच्या आवाजांतला सगळ्यात सुंदर आवाज होता. अर्धा लहान पोराचा, अर्धा बापमाणसाचा, मध्ये कुठेतरी फाटलेला. मला तो पहिल्या फटक्यात जमला असता. गळ्यात अगदी तयार होता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर सगळ्या बायका माझीच वाट पाहत होत्या. "काय झालं व जया तळ्यावर? मासोळी दिसली म्हनते! बादल काय म्हने? कर ना, करून दाखव!"

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.